दोन पोती जिप्समने क्षारपड सुटत नाही: 'शेतकरीपुत्र' यांना उत्तर

क्षारपड, म्हणजे क्षार साचून बिघडलेली जमीन सुधारायला रानाखाली पाईप पुरून पाण्याचा निचरा करावा लागतो, या माझ्या लेखाखाली 'शेतकरीपुत्र' या नावाने प्रतिक्रिया आली आहे: "कोल्हापुरात बसून शिरोळच्या शेतकऱ्याला अक्कल शिकवू नका. एकरी दोन पोती जिप्सम टाकलं की जमीन सुटते. पाईप पुरायचा खर्च कोण देणार? ऊसच नको म्हणणाऱ्यांची ही टोळी आहे."

टोळी हा शब्द कुणासाठी वापरतात, हे तुम्हाला माहीत असेल. ऊस लावू नका असं एक वाक्य माझ्या लेखात दाखवा. माझं घर शिरोळ तालुक्यातलं, आमचा ऊस आजही काळ्या रानात उभा आहे. मला परका ठरवण्याआधी विचारायचं तरी! खर्चाचा आकडा लेखात नाही, एवढं मान्य. पाईपची खोली आणि अंतर ठरल्याशिवाय तो कुणालाच सांगता येत नाही.

आता जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं खनिज. क्षारपड म्हणून आपण ज्या जमिनी एका दावणीला बांधतो, त्या मुळात दोन जातींच्या. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) 8.5 च्या आत असतो आणि उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू 8.5 च्या वर जातो, ओली असताना चिकट, वाळली की दगड, आणि पाणी वरच तुंबतं. जिप्समचं काम फक्त चोपण जमिनीत आहे. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. खारवट जमिनीत जिप्सम टाकणं म्हणजे क्षारात आणखी क्षार घालणं.

चोपण असली तरी दोन पोती म्हणजे 100 किलो. 100 ग्रॅम मातीतला फक्त 1 मिलिइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेत चिकटलेला सोडियम मोजायचं एकक) सोडियम हटवायचा, तोही वरच्या एका फुटातला, तर एकरी सुमारे दीड टन शुद्ध जिप्सम लागतं. करा हिशेब. शिवाय सुटलेला सोडियम हवेत उडून जात नाही. त्याचं सोडियम सल्फेट होतं, ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली जाऊन रानाबाहेर पडावं लागतं. भूजल दीड मीटरच्या आत असेल तर ते जाणार कुठे? मोकाट पाण्याने पातळी वर येते, केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक फटींतून, ओल पृष्ठभागावर चढते, पाणी उडतं, क्षार राहतात. हे चाक निचऱ्याशिवाय थांबत नाही, पोती कितीही ओता.

निचऱ्यासाठी काळ्या रानात सच्छिद्र पाईप साधारण 1 ते 1.2 मीटर खोल, 20 ते 30 मीटर अंतरावर, गाळणीचं कापड गुंडाळून टाकतात. कापड नसेल तर बारीक माती आत जाऊन पाईप बुजतो. उतार एकसारखा हवा, मध्ये पोट पडलं की तिथेच गाळ साचतो. आपल्याकडची खरी अडचण तोंडाची: कृष्णा-पंचगंगा फुगल्या की पाईपचं तोंड पाण्याखाली जातं, म्हणून झडप किंवा विहीर-पंप लागतो. तोंडापर्यंतची वाट शेजाऱ्याच्या रानातून जाते, त्यामुळे हे काम गटानेच करावं लागतं. खर्चही तसाच वाटला जातो. बाकी टोमण्यांना उत्तर देत बसणार नाही.

पुढच्या वेळी प्रतिक्रिया लिहिण्याआधी 0-30, 30-60 आणि 60-90 सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने तपासून घ्या. सामू, विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) तिन्ही मागा. वाहकता मीटरमागे 4 डेसीसायमनच्या वर गेली की जमीन खारवट, ही मर्यादा संपृक्त मातीच्या, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीच्या, अर्काची असते. माती-पाणी 1:2.5 मध्ये मोजली तर आकडा बराच कमी येतो, आणि तो बघून लोक जमीन चांगली समजतात. तेव्हा पद्धत कोणती होती तेही लिहून घ्या. अहवाल इथे टाका, मग जिप्सम किती लागेल ते बोलू.