घास अडकतो, त्याला पित्त म्हणू नका

आमच्या आईने दोन वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतली. तिचं दुखणं पित्ताचं नव्हतंच.

जेवताना तिच्या छातीत घास अडकायचा. मग ती उठून उभी राहायची, तांब्याने घटाघटा पाणी प्यायची आणि घास उतरेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. हळूहळू तिने लग्नात पंगतीला बसणं सोडलं. ब्लाउज ढगळ झाले. आम्ही आपलं सांगत राहिलो, "नीट चावून खा गं." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

एंडोस्कोपी झाली. 'विशेष काही नाही' असा रिपोर्ट आला, गोळी तेवढी बदलली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. पाणीही अडकतं का? रात्री उलटून येतं ते आंबट लागतं का? पाणी अडकायचंच. आणि सकाळी उशीवर दिसणारा भात आंबट नसायचा, कारण तो जठरात पोचलेलाच नसायचा!

बेरियम पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका वर फुगलेली, खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती. मग मॅनोमेट्री: नाकातून बारीक नळी घालून, पाण्याचे घोट घ्यायला लावून आतला दाब मोजतात. निदान झालं अकॅलेझिया कार्डिया. यात अन्ननलिकेच्या भिंतीतल्या चेतापेशी नष्ट होतात आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप गिळताना सैलच पडत नाही. वर्षाला लाखात एखाद्याला होणारा आजार, त्यामुळे पहिल्या फटक्यात सुचला नाही हे मी समजू शकते. पण घास अडकतो म्हणणाऱ्या माणसाला तपासणीशिवाय महिनोन् महिने गोळ्या देणं मला मान्य नाही. आधी भाकरी, मग भात, मग पाणी अशा क्रमाने अडकत गेलं तर तो कॅन्सरही असू शकतो, विशेषतः तंबाखू-दारू असेल तर. तिथे थांबायला वेळ नसतो. आणि एंडोस्कोपी स्वच्छ येऊनही घास अडकत असेल, तर मॅनोमेट्रीचं स्वतःहून विचारा.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, झडप मोकळी करता येते. फुग्याने ताणून, ऑपरेशनने, किंवा जपानच्या डॉ. इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या पोएमने: तोंडातूनच एंडोस्कोप घालून आतला स्नायू कापतात, पोटावर टाका नाही. आईचं पोएम झालं. झडप मोकळी झाल्यावर आम्ल वर येऊ शकतं, म्हणून पित्ताची गोळी आता तिला खरोखरच लागते. रात्री उशिरा जेवत नाही. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात मात्र पंगतीला बसली, आणि शेवटचा ताकभातही बसूनच खाल्ला.