एसजीपीटी वाढला म्हणजे लिव्हर गेलं, हे कोणी ठरवलं?

मंगळवारी संध्याकाळी आत्याकडे गेले तेव्हा ओट्यावर पातेल्यात गुळवेल उकळत होती. दुर्बिणीने पित्ताशय काढून तिला जेमतेम तीन दिवस झाले होते. सर्जनने लिहून दिलेल्या गोळ्या फ्रीजवर पिशवीत तशाच, एकही पट्टी फोडलेली नाही. "अगं, हे वाच आधी," म्हणत तिने फोन माझ्या हातात दिला.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचं म्हणणं असं : दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरतात तो गॅस लिव्हर जाळतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी एसजीपीटी, म्हणजे रक्ततपासणीतला लिव्हरचा आकडा, तिप्पट होतो. पोट उघडून करायचे तेव्हा असं होत नव्हतं. पित्ताशय गेलं की पित्त तयार होणं थांबतं. परदेशात टाकून दिलेलं हे तंत्र इथे पैशासाठी चालवतात. म्हणून गोळ्या बंद करा, गुळवेलीचा काढा रोज तीन वेळा चाळीस दिवस घ्या आणि पुन्हा तपासणीला जाऊ नका. खाली सही 'एक ज्येष्ठ डॉक्टर'. नाव नाही, गाव नाही.

आत्याच्या रिपोर्टवर एसजीपीटी 118 होता, आकडा ठळक, शेजारी वर जाणारा बाण. आमच्याकडे वरची मर्यादा 40 धरतात. मेसेजमधलं 'तिप्पट' तंतोतंत जुळलं आणि तिचा धीरच सुटला. मी अकरा वर्षं लॅबमध्ये हेच रिपोर्ट काढते, त्यामुळे हे गप्प बसून वाचवत नाही.

एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आतलं एन्झाइम. पेशींना ताण पडला की ते थोडं रक्तात झिरपतं. तो ज्या टेस्टमध्ये येतो त्या लिव्हर फंक्शन टेस्टच्या, म्हणजे एलएफटीच्या, नावात 'फंक्शन' आहे, पण हा आकडा लिव्हर काम किती करतंय ते सांगतच नाही. ते पाहायला अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) आणि रक्त गोठायला लागणारा वेळ बघतात. आत्याचे हे तिन्ही ठीक होते. मेसेजवाल्याने ते विचारलेही नसते.

ताण कुठून आला? पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा इतक्या दाबाने भरतात. आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेतला नेहमीचा दाब 7 ते 10. बाहेरचा दाब जास्त, म्हणून तेवढा वेळ लिव्हरला रक्त कमी मिळतं. शिवाय पित्ताशय लिव्हरला चिकटलेलं असतं. ते सोडवताना लिव्हर उचलावं, ओढावं लागतं, रक्त थांबवायला कॉटरीचा, म्हणजे विजेच्या उपकरणाचा, चटका बसतो, भुलेच्या औषधांचाही थोडा वाटा असतो. जाळण्याचा प्रश्नच नाही. गॅस रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो, उरलासुरला दोनेक दिवस खांदा दुखवतो.

आता मेसेजमध्ये जे अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. चीनमधल्या ग्वांगजौच्या सर्जननी 2003 मध्ये 'वर्ल्ड जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी'त एक अभ्यास छापला. दुर्बिणीने पित्ताशय काढलेले 286 रुग्ण आणि पोट उघडून काढलेले 40. पहिल्या 48 तासांत दुर्बिणीवाल्यांचे एसजीपीटी आणि एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) स्पष्ट वाढले, उघडून केलेल्यांचे फारसे नाहीत, आणि मुख्य कारण गॅसचा दाब असावा असंच त्यांनी लिहिलं. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण त्याच अभ्यासात पुढे आहे की सातव्या दिवशी हे आकडे पूर्ववत झाले आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास झाला नाही. ज्यांचं लिव्हर आधीच फार खराब आहे त्यांच्या बाबतीत मात्र दुर्बिणीचा निर्णय विचार करून घ्यावा, असंही त्यांनी बजावलंय. म्हणूनच ऑपरेशनआधी एलएफटी करतात. आत्याचा एसजीपीटी तेव्हा 27 होता.

पित्त लिव्हर बनवतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही त्यातलं 30 ते 50 मिलीलिटर साठवणारी पिशवी, बस्स. आणि तंत्र कुठेही टाकून दिलेलं नाही. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी 1985 मध्ये सुरुवात केली, आपल्याकडे डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी 31 मे 1990 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी दवाखान्यात. आज जगभर ही नेहमीची पद्धत आहे.

माझा खरा राग काढ्यावर आहे. कोविडच्या पहिल्या वर्षी घरोघर गुळवेल उकळत होती, तेव्हा सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांना गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण सापडले. 2021 मध्ये ते छापून आलं. वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पण पुढे देशातल्या 13 केंद्रांनी मिळून असे 43 रुग्ण नोंदवले. काढा घेणाऱ्या प्रत्येकाला हे होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या आठवड्यात लिव्हरचे आकडे आधीच वर आहेत, त्याच आठवड्यात हा काढा दिवसातून तीन वेळा? समजा आठव्या दिवशी एसजीपीटी 300 आला. तो ऑपरेशनमुळे, की पित्तनळीत अडकलेल्या पित्ताच्या खड्यामुळे, की काढ्यामुळे? मी कितीही नीट टेस्ट लावली तरी ट्यूबमधलं सीरम हे सांगत नाही. सर्जनही चुकीच्या दिशेने शोधत बसेल.

त्यात 'तपासणीला जाऊ नका' हे तर जिवावर बेतणारं आहे. कधीकधी खडा मुख्य पित्तनळीत राहून जातो. क्वचित ऑपरेशनमध्ये पित्तनळीला इजा होते. तेव्हा एसजीपीटीपेक्षा बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताची वाट अडली की वाढणारं एन्झाइम) चढत जातात, दिवसागणिक. लवकर कळलं तर उपाय आहेत. चाळीस दिवस घरात बसलं तर आतल्या आत पू होऊ शकतो.

आत्याला हे सगळं सांगायला रात्रीचे नऊ वाजले. पातेलं तिनेच मोरीत रिकामं केलं, गोळ्या सुरू केल्या. आठव्या दिवशीचं सॅम्पल मी स्वतः घेतलं : 36.

तुमच्या घरी कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल तर आकड्याच्या बाणापेक्षा माणसाकडे बघा. डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, संडास पांढरट, थंडी वाजून ताप, किंवा पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी सर्जनला फोन करा, रात्र असली तरी.