आधी दाराचं वजन तरी करा!

गराजच्या दाराची स्प्रिंग बदलणाऱ्या या लोकांनी आयुष्यात एकदा तरी दाराचं वजन केलंय का? इकडे न्यू जर्सीत ऐन थंडीत स्प्रिंग तुटली, गाडी आत अडकली. कंपनीचा माणूस आला, व्हॅनमध्ये पडलेल्या दोन स्प्रिंगा काढल्या, चढवल्या, पैसे घेऊन गेला. टेप नाही, काटा नाही, काही नाही.

थोड्याच दिवसांत मोटर कण्हायला लागली. फोन केला तर म्हणे, तुमची मोटर जुनी झाली, नवीन घ्या. तळपायाची आग मस्तकात गेली! अहो, दाराचा भार मोटरने पेलायचाच नसतो, तो स्प्रिंगने पेलायचा असतो. लाल दोरी ओढून मोटर सोडवली आणि दार हाताने अर्ध्यावर नेलं. स्प्रिंग बरोबर असेल तर दार तिथेच थांबतं. आमचं धाडकन खाली!

मग जुन्या तुटक्या स्प्रिंगला टेप लावली. २० वेढे बरोबर ५ इंच, म्हणजे तार ०.२५० इंचाची. आणि नवीनच्या बिलावर चक्क ०.२४३! व्यास तोच, लांबी तीच. विचारलं तर म्हणतो, एवढ्याशाने काय होतंय? होतं! स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. तार एवढीशी बारीक झाली तरी जोर दहा टक्क्यांहून जास्त उतरतो, आणि तो भार जातो मोटरच्या गिअरवर. तो गिअर झिजला की परत यांचंच बिल.

वर ती 'लाइफटाइम वॉरंटी'. स्प्रिंग फुकट, मजुरी दर वेळी तुमची. साधी स्प्रिंग १०,००० उघडझापींची असते. दिवसातून चारदा दार उघडलं की सातेक वर्षांत संपली. जाड तारेची, लांब स्प्रिंग घेतली तर दुप्पट टिकते. सांगितलं का कोणी? तोंडातून शब्द नाही.

बरं, स्वतः करावं तर सात फुटी दाराला साडेसात वेढे पीळ द्यायचा असतो, रॉड निसटला की हात मोडलाच. लोकांना ती भीती आहे, आणि हे तिच्यावरच पैसे काढतात. सगळा संताप त्याचाच आहे.

उद्या परत येतोय तो. आधी स्प्रिंगांचा पीळ सोडवायला लावून, बाथरूममधला वजनकाटा दाराखाली ठेवून आकडा बघितल्याशिवाय नवीन स्प्रिंग चढवू देणार नाही.