टाकीत फ्लॅपरच नाही, बदलणार काय?

"कमोडची टाकी सतत वाहतेय? प्लंबरला दीड हजार देऊ नका! ५० रुपयांचा फ्लॅपर आणा आणि ५ मिनिटांत स्वतः बदला!!" अशा सुरुवातीचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. खाली हिरव्या टिकमार्कांची रांग. फ्लॅपर, म्हणजे टाकीच्या तळाचं रबरी झाकण, सगळ्या कमोडना एकच बसतो. पाणी बंद करायची गरज नाही. टाकीत वीट ठेवा, पाणी वाचेल. महिन्यातून एकदा टाकीत ब्लीचिंग पावडरची पुरचुंडी सोडा आणि वरून अर्धी बाटली टॉयलेट क्लीनर ओता, म्हणजे रबर नवं राहतं. पाणी बारीक वाहत असेल तर दुर्लक्ष करा, त्याने बिल वाढत नाही. शेवटी जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

एरवी मी असलं काही वाचून पुढे जाते. पण हा मेसेज मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि डोंबिवलीच्या मावशीने तो मनावर घेतला. फ्लॅपर शोधत ती दोन दुकानं हिंडून आली. एकाने तिच्यापुढे बेसिनची जाळी ठेवली, दुसऱ्याने नळाचा वायसर. मी फोनवर विचारलं, "मावशी, टाकीचं झाकण उघडून बघितलंस का आत काय आहे ते?" तर म्हणे, "झाकण कशाला उघडायचं? मेसेजमध्ये फोटो आहे की!" आणि ब्लीचिंग पावडर? ती मात्र आणून बाथरूमच्या खिडकीत ठेवलेली होती.

म्हणून आधी ब्लीचिंग पावडरचंच बघू. बाकीचे मुद्दे चुकले तर फार तर पाणी जाईल. या मुद्द्यात माणूस दवाखान्यात जाईल.

ब्लीचिंग पावडरमध्ये असतं मुख्यतः कॅल्शियम हायपोक्लोराइट. आपल्याकडच्या कमोड धुण्याच्या बऱ्याच लिक्विडांमध्ये असतं हायड्रोक्लोरिक आम्ल. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने समोरच्यांवर सोडला, तोच हा वायू. हवेपेक्षा तो जवळजवळ अडीचपट जड असतो, त्यामुळे चार बाय सहाच्या बाथरूममध्ये, एक छोटी जाळीची खिडकी असताना, तो वर निघून जात नाही, खाली साचतो. आणि कमोड घासणारी बाई किंवा माणूस नेमका खाली वाकलेला असतो. "टाकीत पाणी आहे, पातळ होईल" असं मामांनी ग्रुपवर लिहिलं. अहो मामा, अर्धी बाटली ओतायला सांगितलीय, चार थेंब नाही. शिवाय टाकीतलं हे पाणी जाणार कुठे? खाली भांड्यात. तिथे कुणी सकाळी क्लीनर लावून ठेवलं असेल तर तिथे पुन्हा तेच. क्लीनरच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'ब्लीचबरोबर मिसळू नका' असं छापलेलं असतं, ते काय कागद उरला होता म्हणून?

कुणी हा प्रयोग करून बसलं असेल आणि डोळे चुरचुरायला, खोकला यायला लागला असेल, तर आणखी पाणी, फिनेल, सोडा काहीही ओतत तिथे थांबू नका. बाहेर या, दारं-खिडक्या उघडा, मोकळ्या हवेत बसा. दम लागत असेल तर सरळ डॉक्टर गाठा.

बरं, आम्ल बाजूला ठेवा, नुसती ब्लीचिंग पावडर टाकली तरी काय होतं? टाकीतलं रबर चोवीस तास त्या पाण्यात भिजत राहतं. क्लोरीनने ते आधी फुगतं, मग कडक होतं, मग चिरतं. म्हणजे ज्या रबराला नवं ठेवायचं म्हणून ही पुरचुंडी सोडायची, तेच आधी मारायचं. अमेरिकेत टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या मिळतात, आणि तिथल्या बड्या कमोड कंपन्या बजावून सांगतात की असल्या गोळ्यांनी आतले भाग खराब झाले तर वॉरंटी विसरा. आणि आम्ल टाकीत ओतलं तर टाकी ज्या बोल्टांवर बसवलेली असते त्यांचा धातू खातं. मग पाणी कमोडमध्ये नाही, थेट फरशीवर. क्लीनर भांड्यासाठी असतं. टाकीत काहीही टाकायचं नाही. विषय संपला.

आता तो फ्लॅपर. मेसेजमधला फोटो अमेरिकन टाकीचा आहे. तिथे टाकीच्या तळाला एक भोक, त्यावर तव्यासारखं बसलेलं रबराचं झाकण, ते बाजूच्या नळीला दोन कानांनी अडकवलेलं, आणि त्याला एक साखळी, जी वर हँडलच्या दांड्याला बांधलेली. हँडल दाबलं की साखळी झाकण उचलते. हे झाकण म्हणजे फ्लॅपर. तिथे ते बदलणं खरोखर सोपं आहे: पाणी बंद करा, कान सोडवा, नवं अडकवा, साखळीला थोडीशी ढील ठेवा. साखळी फार ताणली तर झाकण पूर्ण बसत नाही, फार लांब ठेवली तर तीच झाकणाखाली अडकते. आणि 'एकच फ्लॅपर सगळ्यांना बसतो' हे तिथेही खोटं आहे, कारण दोन इंची आणि तीन इंची भोकं असतात आणि दोन्हींचे फ्लॅपर वेगळे. मामा, न्यू जर्सीतल्या भाच्याला हा मेसेज पाठवला असतात तर निदान अर्धा तरी उपयोग झाला असता.

आपल्या टाकीचं झाकण उघडा. दोन बटणांची टाकी असेल (आता बहुतेक नव्या इमारतींत तीच असते) तर आत मधोमध प्लास्टिकचा एक उभा मनोरा दिसेल. साखळी नाही, कानवाला फ्लॅपर नाही. मनोऱ्याच्या तळाला रबराचा किंवा सिलिकॉनचा एक चपटा, गोल वायसर असतो. तो तळाच्या कडेवर बसून पाणी अडवतो. दोन बटणांची ही पद्धत १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसनने आणली. आपल्याकडच्या जुन्या टाक्या आणखी निराळ्या: भिंतीवर उंच, लोखंडी, साखळी ओढायची. ती सायफनची (उलट्या यू-आकाराच्या नळीतून पाणी ओढून घ्यायची) पद्धत इंग्रजांची. त्यात तळाला झडपच नसते, त्यामुळे तिथून गळायचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनमध्ये तर २००१ पर्यंत घरच्या नव्या टाक्यांना सायफनच लागायचा, झडपेला परवानगी नव्हती. झडप आज ना उद्या गळते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. सायफनवाली टाकी वाहत असेल तर दोष बहुधा बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या फ्लोटने पाणी बंद करणाऱ्या नळाचा. तिथे जगातला कुठलाही फ्लॅपर आणा, लावणार कुठे?

वीट आणि पाणी बंद न करणं, या दोन मुद्द्यांवर फार शाई खर्च करत नाही. विटेचे कण सुटतात आणि नेमके त्या वायसरखाली जाऊन बसतात. जुनी दहा-बारा लिटरची टाकी असेल तर पाण्याने भरलेली बाटली ठेवा, ते चालतं. दोन बटणांच्या तीन-सहा लिटरच्या टाकीत (छोट्या बटणाला तीन, मोठ्याला सहा) काहीही ठेवलंत तर एकदा भागायचं तिथे दोनदा फ्लश कराल. आणि पाणी चालू ठेवून तळाचा वायसर काढायला निघालेल्या माणसाला मी काय सांगू? करून बघा. खालच्या मजल्यावर राहत असाल तर वरून येणारं प्रेशर तुमची अंघोळही उरकून देईल.

'बारीक वाहतंय, सोडून द्या' हा मुद्दा मात्र सोडवत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, वॉटरसेन्स नावाचा पाणीबचतीचा कार्यक्रम आहे. त्यांचा आकडा असा: गळक्या टॉयलेटमधून दिवसाला सुमारे २०० गॅलन पाणी जाऊ शकतं. म्हणजे साधारण ७५७ लिटर. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी रोज १३५ लिटर. एका टाकीतून पाच माणसांचं दिवसाचं पाणी गेलं, वर थोडं उरलंच. दहा हजार लिटरचा टँकर धरा: या हिशेबाने तो तेरा-चौदा दिवसांत एका फ्लॅटच्या कमोडमधून गटारात. तुमची गळती त्याच्या पाव असेल, तरी दोन महिन्यांत एक टँकर झाला. सोसायटीला एकच मीटर असेल तर तुमच्या नावाने बिल वाढलेलं दिसत नाही, हे खरं. ते शेजाऱ्यांच्या मेंटेनन्समध्ये दिसतं. आणि मे महिन्यात टँकरची वर्गणी मागायला आले की आपणच सेक्रेटरीच्या नावाने बोटं मोडतो.

गळतंय की नाही हे बघायची ईपीएची युक्ती अगदी घरगुती आहे. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, फ्लश करू नका, दहा मिनिटांनी भांड्यात बघा. रंग खाली उतरला तर गळती आहे. बघून झालं की लगेच फ्लश करा, नाहीतर टाकीला डाग राहतो. जिलबीचा केशरी रंग चालतो. रंगपंचमीचा नको, आणि हळद तर नकोच, ती विरघळत नाही, नुसती तळाला बसते.

यापुढची माझी एक भर. टाकीखालचा अँगल कॉक (टाकीत येणारं पाणी बंद करायचा छोटा नळ) बंद करा, पाण्याच्या पातळीवर आतून पेन्सिलची खूण करा आणि अर्ध्या तासाने या. पातळी उतरली असेल तर वायसर गळतोय. उतरली नसेल, पण कॉक उघडल्यावर पाणी मधल्या, जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या नळीच्या तोंडावरून आत जात असेल, तर वायसर ठणठणीत आहे. बॉलकॉक बंद होत नाहीये. मग फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी त्या तोंडाच्या इंचभर खाली आणा. बऱ्याच वेळा कामच एवढं असतं, आणि मेसेजमध्ये नेमका याचा पत्ता नाही.

आता नाइलाजाने मान्य करते: मेसेजमधली एक गोष्ट बरोबर आहे. यासाठी दर वेळी प्लंबर लागत नाही. वायसर बदलणं घरी जमतं, आणि वायसरची किंमत टाकीच्या मानाने किरकोळ असते. पण 'आधी आणा, मग उघडा' हा क्रम उलटा आहे. अँगल कॉक बंद करा. जुना, गंजलेला कॉक फिरत नसेल तर पाना लावून जोर करू नका, दांडा तुटून हातात येईल. बाथरूमचा मेन कॉक बंद करा. फ्लश करून टाकी रिकामी करा. झाकणाचं बटण आधी फिरवून सोडवा, मग झाकण उचला आणि आडवं जमिनीवर ठेवा. सिंकच्या कडेला टेकवलेली सिरॅमिकची झाकणं घसरून फुटतात, आणि नुसतं झाकण विकत मिळणं म्हणजे नशीब. मनोरा बऱ्याच टाक्यांमध्ये डाव्या हाताला थोडा फिरवला की सुटतो. तो उपडा करा. वायसर हातात येईल.

आणि इथे तो दुकानात न्यायच्या आधी नीट बघा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्याच्या कडेवर पांढरी, खरखरीत साय धरलेली असते. बोट फिरवलं की कळतं. ते क्षार. वायसर तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मऊ कापडाने पुसा; ज्या कडेवर तो बसतो ती टाकीतली कडही पुसा. सोसायटीची गच्चीवरची टाकी धुतल्यानंतर दोन-चार दिवसांत एकाच विंगमधल्या पाच-सहा घरांचे फ्लश वाहायला लागतात, ते याच कारणाने: ढवळलेला गाळ आणि वाळूचे कण वायसरखाली. तिथे काहीही बदलायचं नसतं, पुसायचं असतं. वायसरवर टाकीतल्या त्या कडेचा खोल वळ पडला असेल आणि तो दोन्हीकडून सपाट असेल, तर उलटा करून लावा. चांगले काही महिने निघतात. चिरलाच असेल तर तोच नमुना खिशात घालून दुकानात जा आणि त्यावर ठेवून मोजून घ्या. व्हॅसलीन, खोबरेल, एम-सील, फेविक्विक, यातलं काहीही लावायचं नाही. पेट्रोलियम जेली रबराला लागली की रबर सुजतं.

टाकी भिंतीत असेल आणि बाहेर फक्त दोन बटणांची पट्टी दिसत असेल, तर काम त्या पट्टीमागच्या चौकोनातून, एका हाताने, आत न बघता करावं लागतं. तिथे माहितगार माणूस बोलवा. संपूर्ण फिटिंग बदलायचं झालं तरी बोलवा, कारण टाकी उतरवून खालचा जाड गॅसकेट बदलावा लागतो, आणि बोल्ट जास्त आवळले की टाकीला तडा. फक्त तो आल्या आल्या "पूर्ण सेट टाकावा लागेल" म्हणाला, तर जुना वायसर त्याच्याकडून हातात घेऊन बघा, आणि बदललेलं जुनं फिटिंग त्याला नेऊ देऊ नका. त्यातल्या क्लिपा आणि बटणाचे दांडे सुटे सहसा मिळत नाहीत.