आंदण मिळालं, पण ताबा?

‘१६६१ मध्ये पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली’ या एका वाक्यात मुंबईच्या इतिहासावरचा लेख पुढे सरकतो, तिथेच अडखळलो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगीज राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा करार झाला १६६१ मध्ये, प्रत्यक्ष ताबा मिळाला फेब्रुवारी १६६५ मध्ये. गोव्याचा व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो बेट सोडायलाच तयार नव्हता. मग ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन आपल्या शिपायांसह जाऊन राहिला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर. रोगराईनं माणसं पटापट गेली, १६६४ मध्ये शिपमनही गेला. उरलेल्या जेमतेम शंभरेक लोकांना घेऊन त्याच्या हाताखालचा हंफ्री कुक मुंबईत उतरला, आणि हाती आलं फक्त मुंबई बेट. माहीम त्यानं नंतर बळकावलं. साष्टी तर पोर्तुगीजांकडेच राहिली, पुढे ती चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली.

कारवारला नोकरीत असताना समुद्रात दिसणारं अंजदीव रोज नजरेस पडायचं. मुंबईच्या इतिहासाशी त्याचा काही संबंध असेल हे मला पन्नाशीत कळलं (शाळेत लग्न आणि हुंडा एवढंच शिकवलं होतं!). आणि ज्या मुंबई बेटापायी एवढी माणसं मेली, ते चार्ल्स राजानं १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकलं. लेखात निदान अंजदीवचं नाव तरी यायला हवं होतं.