उंदराची गाठ आणि माणसाची

ग्राफीन म्हणजे कार्बनचा अणूइतका पातळ पापुद्रा; असे पदार्थ कर्करोगावर कसे वापरता येतील, यावरचा लेख वाचला. त्यातलं ‘लेझरचा प्रकाश टाकला की ग्राफीनचे पापुद्रे तापतात आणि गाठ जळून जाते’ हे वाक्य अर्धंच आहे. या लेझरचे अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण शरीरात जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर पोचतात. प्रयोगात बहुतेकदा गाठ उंदराच्या कातडीखालीच वाढवलेली असते, म्हणून तिथं जमतं. स्वादुपिंडातल्या गाठीपर्यंत बाहेरून उजेड पोचणार कसा? शिवाय काम झाल्यावर पापुद्र्यांचं काय होतं, तेही लिहायला हवं होतं. अशाच पापुद्र्यांसाठी वापरला जाणारा काळा फॉस्फरस पाणी आणि ऑक्सिजनमुळे झिजून त्याचं फॉस्फेट होतं, ते शरीरात असतंच. ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन) मात्र यकृतात, फुप्फुसात साचून राहू शकतं.

पण सगळ्यात खटकलं ते हे, की तोंडाच्या कर्करोगाचा लेखात उल्लेखही नाही. आमच्या परभणीकडं गुटखा-तंबाखू खाणारं माणूस कुठल्याही गल्लीत सापडतं. माझ्या मामांना डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तर एकच गेलं. सुपारीनं गाल आतून आवळले होते आणि एक पांढरा चट्टा होता. त्यावर आधीच्या दवाखान्यात ‘तोंड आलंय’ म्हणून नुसतं जेल देऊन कित्येक महिने घालवले होते! गाल, जीभ इथं तर उजेड थेट पोचतो. लाळेतल्या कर्करोगाच्या खुणा ग्राफीनच्या सेन्सरनं ओळखायचं संशोधनही चालू आहे. ती तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत यायला काय काय लागेल, यावर लेखकानं जरूर लिहावं.