वकीलपत्र घेणाऱ्याला का झोडपता?

कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, असल्या नराधमाचं वकीलपत्र कोणी घेतंच कसं, त्या वकिलालाही आत टाका वगैरे. असं वाचलं की मला बॉस्टन लीगल आठवते. बॉस्टनमधल्या वकिलांवरची अमेरिकन सिरीयल, २००४ ते २००८, पाच सीझन चाललेली, जेम्स स्पेडर म्हणजे अॅलन शोर आणि विल्यम शॅटनर म्हणजे डेनी क्रेन. इराक युद्ध, फाशी, बंदुका, तेव्हा अमेरिकेत ज्या ज्या गोष्टीवरून भांडणं चालली होती ते सगळं केस बनून त्यात यायचं. अॅलनची कोर्टातली समारोपाची भाषणं लोकांना पाठ आहेत, पण मला जास्त भिडलं ते हे, की हा माणूस न पटणाऱ्या अशिलासाठीसुद्धा जीव तोडून भांडतो आणि म्हणून काही तो त्या अशिलासारखा होत नाही.

मी राहते त्या बॉस्टनमध्ये हे फार जुनं आहे. १७७० साली ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली, गाव खवळलेलं, आणि त्या सैनिकांची केस घेतली जॉन अॅडम्सनी, जो स्वतः ब्रिटिशांच्या धोरणांविरुद्ध होता! कॅप्टन सुटला, आठातले सहा सैनिक सुटले, आणि तरी पुढे लोकांनी अॅडम्सला राष्ट्राध्यक्ष केलं.

आपल्याकडे २००९ मध्ये कसाबसाठी कोर्टानेच वकीलबाई नेमल्या तर त्यांच्या घरावर दगड पडले. अमुक आरोपीची केस कोणी घ्यायची नाही असे ठराव बार असोसिएशनने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, करणं बेकायदा आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं, तरी २०२० मध्ये हुबळीत काश्मिरी विद्यार्थ्यांची केस कोणी घ्यायची नाही असा ठराव झालाच आणि कर्नाटक हायकोर्टाला मधे पडावं लागलं. याचा मला खरंच राग येतो, कारण कसाबला शेवटपर्यंत वकील मिळाला म्हणून तर त्या निकालाला वजन आलं.

आणि इथे सगळं सिरीयलसारखं चकाचक आहे असंही नाही हं. गरीब आरोपींच्या बहुतेक केसेस इथे खाजगी वकील सरकारी मानधनावर घेतात, त्यांना तासाला ६५ डॉलर मिळत होते, जवळच्या मेन राज्यात १५०, म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नवीन केसेस घेणंच थांबवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टनच्या राज्यात, अशा टंचाईत लागू होणारा नियम असा की ४५ दिवसांत वकील मिळाला नाही तर केस डिसमिस, मग बॉस्टनच्या कोर्टात एका दिवसात शंभरावर केसेस डिसमिस झाल्या, त्यात घरगुती मारहाणीच्याही होत्या. परत दाखल करता येतात हो, पण तोवर मार खाल्लेल्या बाईने काय करायचं?

ग्रुपवर मी हेच लिहिलं, की आरोपीला वकील नको म्हणताना तुम्ही पीडितेचीच केस अडवताय. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.